पंधरा दिवसांची मुदत

पुणे शहरात कॉफीला कायमचा रहिवास असा कधी मिळाला नाही. ती येथे पाहुणी म्हणून आली आणि पाहुणीसारखीच राहिली. चौकाचौकांतील अमृततुल्यांच्या पितळी पातेल्यांत आणि इराण्यांच्या कपबश्यांत चहाचा अंमल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत निर्वेध चालू असता, कॉफीच्या वाट्यास आले ते काही मोजके, पण प्रतिष्ठेचे प्रसंग: एकादशीचा उपास, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण, तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाची गेलेली चव, आणि मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींना आपले घर केवळ चहावर थांबणारे नाही, हे न बोलता सुचविण्याची निकड.

माझ्या बालपणी आमच्या घरात ही पाहुणी पोल्सनच्या डब्यातून अवतरत असे. पेस्तनजी एदलजी नामक पारशी गृहस्थाने १८८८ साली मुंबईत कॉफीचे दुकान थाटले, ती पूड चिकोरीसह घरोघर पोचवली, आणि पुढे त्याच पोल्सन नावाने लोण्यात एवढी कीर्ती मिळवली की कॉफीचे मूळचे पुण्य लोक विसरून गेले. ही पूड आई साखरेच्या उकळत्या पाण्यात टाकी, वर झाकण ठेवी, गाळ बसला की खास त्याच कामासाठी राखलेल्या, कितीही धुतले तरी तपकिरीच राहणाऱ्या फडक्यातून गाळी, भरपूर दूध घाली, आणि शेवटी सहाणेवर उगाळलेले जायफळ त्यात मिसळी. जागे ठेवण्याविषयी ख्यात असलेल्या पेयात निजविण्याविषयी ख्यात असलेले फळ उगाळून, दोहोंचा तंटा पिणाऱ्याच्या पोटात परस्पर मिटू द्यावयाचा, ही युक्ती कोणा पूर्वजास सुचली हे मला ठाऊक नाही. परंतु मराठी घरातील कॉफी पिऊन कोणाची झोप उडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास दोन गोष्टी विपुल लाभतात: वेळ आणि संशय. एका सकाळी या दोहोंच्या संयुक्त प्रेरणेने मी वाण्याकडून आणलेल्या कॉफीच्या पुड्यावरील बारीक अक्षरे भिंग लावून वाचली, आणि आपण गेली कित्येक वर्षे श्रद्धेने सेवन करीत असलेल्या पदार्थात ५३ टक्के कॉफी व ४७ टक्के चिकोरी असल्याचा उलगडा मला झाला. अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे, असा कायदाच आहे. म्हणजे कॉफीने काठावरच्या बहुमताने सत्ता टिकवावी आणि उरलेल्या सभागृहात एका झाडाच्या भाजलेल्या मुळ्यांनी बसावे, अशी ती राज्यव्यवस्था. वस्तुतः चिकोरी निरुपद्रवी असते आणि कित्येकांना तिच्याच दाटपणाची आवड असते. पण पुणेकराला तोट्यापेक्षा गाफीलपणाचे दुःख अधिक. मी त्याच दिवशी जाहीर केले की यापुढे कॉफी आपण स्वतः लावू, स्वतः भाजू आणि स्वतः साठवू. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि पिणार कोण?" त्यांना कॉफीने पित्त होते. प्रश्न किती मूलगामी होता, हे मला पाच वर्षांनी कळले.

महाराष्ट्रात कॉफी पिकते हे विधान पुण्यात केले असता श्रोते प्रथम ते नाकारतात, आणि चिखलदऱ्याचे नाव घेतले की ते आपल्याला आधीपासूनच ठाऊक असल्याचे सांगतात. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या माथ्यावर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर हे ठाणे वसलेले आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत येथल्याच दरीत लोटले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे पुढे चिखलदरा, अशी नावाची उपपत्ती तेथले वाटाडे सांगतात. शेजारी गाविलगडचे तट उभे आहेत, आणि साहेबाच्या अमदानीत लागलेली कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत अजून तग धरून आहे. तेथील एका माळ्याने माझी उत्सुकता पाहून चार पिकलेली फळे माझ्या तळहातावर ठेवली. आपल्या जुन्या कोशांत कॉफीच्या बीला 'बुंद' म्हटलेले आहे. लालबुंद या शब्दाशी तिचे नाते नाही, हे जाणूनही त्या फळांकडे पाहताना ते जुळवावेसे वाटले. कॉफीच्या फळात सामान्यतः दोन बिया पोटाला पोट लावून बसलेल्या असतात; क्वचित एकच वाटोळी बी असते. माझ्या चार फळांपैकी एक असे एकदाणी निघाले, म्हणून एकूण बिया भरल्या सात.

सात! अंगावर रोमांच उभे राहिले. सतराव्या शतकात बाबा बुदन नामक सूफी साधू मक्केहून परतताना येमेनातून सातच बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरनजीक चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. उगवणारे बी देशाबाहेर जाऊ नये अशी अरबांची सक्त ताकीद असता त्यांनी समुद्र ओलांडला. मी रुमालाच्या गाठीत तितक्याच बिया बांधून रातराणी गाडीने अमरावतीहून पुण्यास आलो. बाबांच्या नावाने आज पर्वत आहे. माझ्या नावाने सोसायटीच्या दप्तरात एक तक्रार आहे; तिचा तपशील पुढे येईलच.

कॉफीच्या बीला धीर फार लागतो आणि तो लावणाऱ्याने पुरवायचा असतो. सुमारे दीड महिना कुंडीत काहीही घडले नाही. नंतर एका सकाळी मातीतून एक ताठ देठ वर आला आणि त्याच्या डोक्यावर ती बीच, सालासकट, जशीच्या तशी बसलेली. मळेवाले या अवस्थेला 'टोपी' म्हणतात. पहाटेच्या कोवळ्या उन्हात, आठवडाभराने उगवलेल्या अन्य दोघांसह तो टोपीधारी देठ गच्चीवर उभा राहिला, तेव्हा जुन्या पुण्यातील तीन कारकून कचेरी उघडण्याची वाट पाहत आहेत असा भास होई. उरलेल्या चार बिया रुजल्याच नाहीत, आणि तिघांपैकी एक रोप पहिल्याच वैशाखात कैलासवासी झाले.

यात रोपाचा दोष नव्हता. कॉफीच्या दोन मुख्य जाती: अरेबिका आणि रोबस्टा. पैकी अरेबिका ही घरंदाज. तिला हजार ते दीड हजार मीटर उंची हवी, हवा गार हवी आणि पाऊस सोळाशे मिलिमीटरांच्या वर हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, पुणेकरांच्या स्वतःच्या अंदाजाने ही उंची पुष्कळ अधिक असली तरी. आणि पावसाची सरासरी सातशेच्या आसपास घुटमळते. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडू लागला की दोन्ही झाडांची पाने कोमेजलेल्या विड्यासारखी होत. मळ्यांत कॉफीवर पांगाऱ्याची नाही तर सिल्व्हर ओकची सावली धरतात. मी गच्चीवर चार बांबू रोवून सौ.ची जुनी सुती साडी ताणली आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याची फवारणी आरंभिली. ते पाणी कुंड्यांतून झिरपून खालच्या मजल्यावरील निवृत्त मामलेदारसाहेबांच्या गॅलरीत, त्यांच्या वर्तमानपत्रावर, तेही अग्रलेखाच्या जागी ठिबके. त्यांनी रीतसर तक्रार गुदरली. मी लेखी खुलासा दिला. त्यांनी खुलाशावर हरकत घेतली. तीन वर्षे आमच्यात जिन्यावर नमस्कारही बंद होता. व्यवहार काय तो सोसायटीच्या चिटणीसांमार्फत चाले.

चौथ्या वर्षी, मे महिन्यातल्या पहिल्या वळवानंतर नवव्या दिवशी, झाडांना फुले आली. कॉफी ही कुळाने कदंबाची आप्त आहे, हे मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून माहीत होते. त्या सकाळी पटले. फांदीच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या चांदण्यांचा गजरा बसला होता आणि वास थेट मोगऱ्याचा. हा सोहळा जेमतेम तीन दिवस टिकतो. पुढचे आठ-नऊ महिने हिरवी फळे इतक्या संथपणे वाढतात की दिवाणी दाव्याची प्रगती त्यापुढे वेगवान वाटावी. ती लाल होऊ लागताच बुलबुलांना वर्दी गेली. आमच्या भागातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर उदमांजरांची वस्ती अजून आहे; एका मित्राने मोठ्या कळकळीने सुचविले की ती फळे उदमांजरालाच खाऊ द्यावीत आणि त्याच्या विष्ठेतून बिया वेचाव्यात, कारण इंडोनेशियातील तशा कॉफीला जगात फार मोठा भाव येतो. मी ती सूचना सौ.समोर ठेवण्याचे टाळले.

त्या पहिल्या वर्षी हाती आली ती अकरा फळे. पाचव्या वर्षी, जानेवारीत, दोन्ही झाडे मिळून तीन किलो भरली. १९४२ च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्याला आपला सारा माल कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात भरावा लागे, आणि ही व्यवस्था १९९६ साली पुरती उठली. तत्पूर्वी हे पीक निघाले असते तर सरकारने माझ्या तीन किलोंची काय रुजवात घातली असती, या विचाराने मी काही क्षण स्वतःला जमीनदार समजून घेतले.

तीन किलो फळांतून हाती लागते किती, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मन घट्ट करावे. साल हातांनी पिळून बी बाहेर काढली की तिच्यावर बुळबुळीत गर असतो. तो सुटण्यासाठी बिया दीड दिवस पाण्यात ठेवल्या, तेव्हा स्वयंपाकघरात इडलीच्या पिठालाही लाज वाटावी असा आंबूस वास पसरला. नंतर गच्चीवर चादरीत दहा दिवस वाळवण. कावळ्यांपासून ते राखण्यास पूर्वी नातवंडे बसवीत. माझी नातवंडे परदेशी असल्याने राखणीला मीच बसलो. वाळल्यावर बियांवरचे कडक, कागदी टरफल उतरवायचे. त्यासाठी पाट्यावर हलक्या हाताने रगडून सौ.नी त्या सुपात घेतल्या आणि चार झटक्यांत टरफले वाऱ्यावर सोडून दाणे मागे राखले. त्या पाखडण्यात जी सहजता होती, ती पाहून पाच वर्षे वाचलेली पुस्तके मला व्यर्थ वाटली. तराजूवर दाणे भरले ५३० ग्रॅम.

भाजण्याचा पहिला मान मी घेतला. शंभर ग्रॅम दाणे लोखंडी कढईत घातले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे निरीक्षण करू लागलो. हिरवट दाणे पिवळे होतात, तेव्हा वाळल्या गवताचा वास येतो. मग ते दालचिनीच्या रंगावर जातात. दाणा दोनशे अंशांच्या सुमारास पोचला की लाह्यांसारखी तडतड सुरू होते, आणि तेथून पुढे शहाणपण व कोळसा यांत एक-दोन मिनिटांचेच अंतर असते. मी ती मिनिटे टिपून घेत होतो. "अहो, करपतंय," असा आवाज आतून आला तेव्हा माझे लिहिणे अर्ध्या वाक्यावर होते. सौ.ना वहीची गरज नव्हती; चाळीस वर्षे थालिपिठाची भाजणी भाजलेल्या नाकाला दाणा कोणत्या क्षणी खमंग होतो आणि कोणत्या क्षणी करपतो, हे भिंतीपलीकडूनही कळते.

वास मात्र शहरभर गेला असावा. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ साली प्रजेला घरी कॉफी भाजण्याची मनाई केली आणि फर्मान मोडणाऱ्यांस पकडण्यासाठी युद्धातून परतलेले शिपाई नेमले. त्यांचे काम गल्लोगल्ली नाक वर करून हिंडावयाचे आणि भाजल्याचा वास आला की त्या घरात शिरावयाचे. एवढ्या मोठ्या राजाला जे पगारी खाते उघडावे लागले, ते आमच्या सोसायटीत शतकानुशतकांच्या वहिवाटीने मोफत चालते. पाच मिनिटांत चिटणीस येऊन गेले, समोरच्या वहिनींनी काही जळत आहे का म्हणून विचारले, आणि मामलेदारसाहेबांनी खालून खिडकी लावून घेतल्याचा, ऐकू यावा इतपत आवाज केला.

उरलेल्या दाण्यांच्या साठवणीचा प्रश्न मग आला, आणि येथे मला पुणेरी संस्कृतीच्या पायालाच हात घालावा लागला. आमच्या घरांचे वैभव बँकेत कमी आणि फडताळात अधिक असते. दादरा बांधलेल्या बरण्यांतील लोणचे, मुरांबा, गुळांबा, वर्षाची चिंच, जुना तांदूळ, डब्यांतले पापड आणि कुरडया: या प्रत्येक पदार्थाचा धर्म एकच, की तो राहतो, आणि राहून राहून अधिक चांगला होतो. मुरणे हा आमच्याकडे सर्वोच्च गुण आहे, मग तो कैरीचा असो की माणसाचा. मी कच्च्या दाण्यांपैकी ऐंशी ग्रॅम एका रिकाम्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. बाकीचे कापडी पिशवीत राहिले. कच्चे दाणे कोरड्या जागी वर्षभर राहतात, हे खरे. पण कॉफीच्या दाण्याला परक्याचा वास उचलण्याची खोड आहे, आणि तो डबा दहा वर्षे हिंगाचा होता. मे महिन्यात उघडून भाजलेल्या त्या कॉफीची चव मी प्रामाणिकपणे सांगतो: ती आमटीकडे झुकलेली होती.

तोवर जूनची चाहूल लागली होती. दमट हवेत पिशवीतील दाण्यांना बुरशी धरेल, असा इशारा सौ.नी दिला. मलबार किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेली कॉफी विलायतेस मोलाने विकली जाते, हे मी त्यांना सांगून पाहिले. "मग ती मलबारात ठेवा," एवढेच उत्तर आले. सबब, उरलेले ३५० ग्रॅम एकदमच भाजण्याचे ठरले. या वेळी कढईपाशी त्या होत्या आणि मी पंख्याखाली परात धरून उभा होतो. मंद आच, न थांबणारा कालथा, तडतड सुरू होऊन ओसरताच कढई खाली, आणि दाणे परातीत. रंग शिसवी, वास असा की बोलणे थांबावे. भाजताना वजन सहाव्या हिश्श्याने घटते. भरले २९० ग्रॅम.

आता पेच असा, की भाजलेली कॉफी ठेवायची तरी कशी? पहिले काही दिवस ती स्वतःच वायू सोडत असते, म्हणून झाकण गच्च लावता येत नाही. पुढे आठवडाभर ऐन बहरात असते. दोन-तीन आठवडे झाले की तिच्यातील अत्तर उडू लागते, आणि दळून ठेवली तर तेवढीही वाट पाहत नाही. हवा, ऊन, ऊब आणि ओल हे तिचे चार वैरी, आणि शीतकपाटात ठेवावी तर कालची कांद्याची कोशिंबीर तिची वाट पाहत बसलेली. थोडक्यात, कॉफी मुरत नाही, ती विरते. पाच वर्षे खपून मी जे मिळवले त्याची मुदत पंधरा दिवस होती.

कपामागे दहा ग्रॅम धरता कप होत होते एकोणतीस. डॉक्टरांनी मला रोजचा एकच कप मंजूर केलेला. म्हणजे पंधरा दिवसांत पंधरा. सौ.ना पित्त. उरले चौदा. "आणि पिणार कोण?" हा पाच वर्षे प्रलंबित राहिलेला प्रश्न आता चौदा कपांच्या रूपाने समोर उभा ठाकला. फेकून देणे आमच्या रक्तात नाही. ठेवून देणे कॉफीच्या रक्तात नाही. तिसरा मार्ग एकच होता आणि आतिथ्याविषयी आमच्या शहराचा जो लौकिक आहे तो पाहता, तो मला कोणी आयुष्यात सुचविला नव्हता. मी लोकांना बोलावू लागलो.

टपाल देणारा गृहस्थ आला. त्याने कप हाती घेऊन प्रथम, कशावर सही हवी, असे विचारले. पलीकडच्या इमारतीतील तंजावरच्या अम्मांनी एक घोट घेऊन डोळे मिटले आणि "घरची आहे हे कळतं," असा अभिप्राय दिला, ज्याचा अर्थ मी अजून लावत आहे. चौदाव्या दिवशी दोन कपांचे दाणे उरले असता मी खाली उतरलो आणि मामलेदारसाहेबांच्या दारावरची घंटा वाजविली. ते संशयाने वर आले, ठिबकणाऱ्या कुंड्यांकडे त्यांनी पाहून घेतले, आणि माझ्यासमोर बसून तो कप सावकाश, शेवटपर्यंत प्यायले. मी श्वास रोखून होतो. सात बिया, पाच वर्षे, तीन किलो फळे आणि तीन वर्षांचा अबोला त्या बशीत एकत्र येऊन थांबला होता.

ते म्हणाले, "बरी आहे. जायफळ नाही का?"

सौ.नी सहाण आणली. दुसरा कप आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा घेतला, आणि मला कबूल करणे भाग आहे की तो अधिक चांगला लागला. त्या दुपारी मामलेदारसाहेब आमच्याच आरामखुर्चीत तासभर झोपले. तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. पण तिच्यावर पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही, असा शेरा चिटणीसांकडून मारवून घेतला.

मडकी, माती, खत आणि प्रवास यांचा जमाखर्च मी मांडला आहे. कपामागे पडलेला आकडा सौ.ना सांगितलेला नाही आणि येथेही छापणार नाही. यंदा फळे मागच्याइतकीच धरली आहेत आणि भाजणी मेअखेरीस होईल. ज्या वाचकांना यावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे, मात्र भाजल्यापासून पंधरा दिवसांच्या आत यावे. त्यानंतर येणाऱ्यांस चहा मिळेल.